'कायम' हा शब्द आणि आघाड्यांची सरकारे

१

'कायम' हा शब्द मूळचा अरबी. उभा असलेला, स्थिर, न ढळणारा असा त्याचा अर्थ. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि नोकरीच्या संदर्भात आपल्या बोलण्यात पक्का रुजला. 'मुलगा कायम झाला' एवढे तीन शब्द कोकणातल्या एखाद्या घरात उच्चारले गेले की पुढचे काही सांगावे लागत नाही. पगार ठरलेला, बँक कर्ज देणार, लग्नाची बोलणी सुरू होणार, हे सारे त्या एका शब्दात येते.

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात अर्थांतराची उदाहरणे देत असताना मी हा शब्द फळ्यावर लिहिला. वर्गात एक विद्यार्थिनी होती. रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत ती अनेक वर्षे मराठी शिकवीत होती आणि नोकरी सांभाळून एम.ए. करीत होती. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे शाळा कायम आहे. आम्ही नाही." वर्ग हसला. ती हसली नाही. तिची शाळा 'कायम विनाअनुदानित' होती. शासनाने मान्यता देताना घातलेल्या त्या अटीचा अर्थ असा, की या शाळेला वेतनाचे अनुदान आजही नाही आणि पुढेही केव्हाच मिळणार नाही. ज्या शब्दाने एरवी नोकरीची हमी मिळते, त्याच शब्दाने इथे पगार नसण्याची हमी दिली होती.

हा दुसरा अर्थ कोशकारांनी घडवलेला नाही, तो मंत्रालयात घडला. तो केव्हा घडला, कोणत्या राजकीय रचनेत घडला, आणि पुढे कोणत्या मुहूर्तावर पुसला गेला, याचा शोध घेताना खाजगी शाळांविषयीच्या कायद्यांचा इतिहास चाळावा लागला. त्या वाचनातून जे हाती लागले ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे. विषय वरकरणी राज्यशास्त्राचा आहे. परंतु शब्दांची निवड, वाक्यातला लपलेला कर्ता आणि दोन तारखांमधील अंतर वाचणे हे आपलेही काम आहे.

२

आरंभ १९७७ च्या कायद्यापासून करणे योग्य. 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम' हे त्याचे नाव. त्यापूर्वी खाजगी माध्यमिक शाळांचा कारभार माध्यमिक शाळा संहितेनुसार चाले. संहिता म्हणजे प्रशासकीय सूचनांचा संग्रह, कायदा नव्हे. संस्थेने शिक्षकाला काढले तर त्याला दाद मागायला खात्रीचे ठिकाण नव्हते. नव्या अधिनियमाने ते दिले. कायम जागेवर नेमलेल्या शिक्षकाला दोन वर्षांचा परिवीक्षाकाल, तो समाधानकारक पार पडल्यावर कायमपण, आणि बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील, ही त्याची मुख्य अंगे. शाळा अनुदानित असो वा नसो, कायदा दोघींनाही लागू. शिक्षकांच्या दृष्टीने ही मोठीच कमाई होती.

आता या कायद्याच्या तारखा पाहा. शीर्षकात १९७७ हे वर्ष आहे. त्याला क्रमांक मिळाला तो १९७८ चा तिसरा अधिनियम असा, कारण राष्ट्रपतींची संमती मार्च १९७८ मध्ये आली. आणि तो प्रत्यक्ष अंमलात आला १५ जुलै १९८१ रोजी. शीर्षक आणि अंमल यांत चार वर्षांचे अंतर आहे. त्या चार वर्षांत महाराष्ट्राच्या राजकारणात काय काय झाले हे आठवले की हे अंतर बोलके होते. १९७७ मध्ये वसंतदादा पाटील यांचे काँग्रेसचे सरकार होते. फेब्रुवारी १९७८ च्या निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी मिळून सरकार बनवले. वसंतदादा मुख्यमंत्री आणि नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. राष्ट्रपतींची संमती आली ती या दोन काँग्रेसच्या आघाडीच्या पहिल्याच महिन्यात. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, सरकार स्थापन केले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते बरखास्त झाले, राष्ट्रपती राजवट आली, आणि जूनमध्ये बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले. नियम तयार होऊन कायदा लागू झाला तो त्यांच्या काळात.

पुलोदच्या मंत्रिमंडळाकडे या दृष्टीने जरा थांबून पाहावे. शिक्षणमंत्री होते प्रा. सदानंद वर्दे, समाजवादी परंपरेतले आणि स्वतः प्राध्यापक. त्याच मंत्रिमंडळात जनसंघाच्या परंपरेतले हशू अडवाणी होते, ज्यांनी चेंबूरला विवेकानंद एज्युकेशन सोसायटी उभी केली. शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील होते, ज्यांनी पुढे रयत शिक्षण संस्थेचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषवले. ही माणसे निष्ठेने शिक्षणाशी जोडलेली होती, याविषयी शंका नाही. मुद्दा निष्ठेचा नाही, बसण्याच्या जागेचा आहे. आघाडीच्या एका बाकावर शिक्षकांच्या चळवळीशी नाते असलेला माणूस आणि शेजारच्या बाकावर संस्था चालवणारा माणूस, अशी ही मांडणी होती. महाराष्ट्रात खाजगी शिक्षणसंस्था कोण्या एका पक्षाच्या नाहीत. त्या समाजवाद्यांच्या आहेत, हिंदुत्ववाद्यांच्या आहेत, काँग्रेसजनांच्या आहेत, शेकापच्या आहेत. म्हणून इथे संस्थाचालक आणि शिक्षक यांच्यातील रेषा सत्ताधारी आणि विरोधक यांच्यामधून जात नाही. ती प्रत्येक पक्षाच्या आणि प्रत्येक आघाडीच्या आतून जाते.

माझ्या मते या इतिहासाची किल्ली इथे आहे.

३

तुलनेसाठी केरळचे उदाहरण घेऊ, कारण तिथे ही रेषा पक्षांच्या मधून गेली आणि परिणाम वेगळा झाला. १९५७ मध्ये नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार आले. त्यातले शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी हे मल्याळम साहित्याचे नामवंत समीक्षक आणि प्राध्यापक होते. आपल्यापैकी एखाद्या समीक्षकाने शिक्षणखात्याचा कायदा लिहावा, तसाच हा प्रकार. त्यांच्या विधेयकातील अकराव्या कलमानुसार अनुदानित खाजगी शाळांतील शिक्षक लोकसेवा आयोगाच्या यादीतून घ्यावयाचे होते. पैसा सरकारचा, तर निवडही सरकारची, असे ते साधे तत्त्व. विधेयक राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ल्यासाठी पाठवले. चर्च, नायर सर्व्हिस सोसायटी, काँग्रेस, प्रजासमाजवादी पक्ष, मुस्लिम लीग अशी एरवी एकत्र न येणारी मंडळी रस्त्यावर एकत्र आली. ३१ जुलै १९५९ रोजी सरकार बरखास्त झाले. १९६० मध्ये त्या विरोधकांच्या आघाडीचे सरकार आले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नेमणुकीचा अधिकार पुन्हा व्यवस्थापकांकडे गेला.

केरळात लढाई उघड झाली आणि तिचा निकालही उघड लागला. कोण कोणत्या बाजूला होते हे सर्वांना ठाऊक होते. महाराष्ट्रात हाच प्रश्न साठ वर्षांनी आला. २०१७ मध्ये खाजगी अनुदानित शाळांतील शिक्षकभरती अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर, संगणकीय प्रणालीमार्फत करण्याचे ठरले. त्या प्रणालीच्या नावाच्या आद्याक्षरांतून शब्द साधला गेला 'पवित्र'. संस्थाचालकांनी विरोध केला, न्यायालयाचे दार ठोठावले. सरकार पडले नाही, मोर्चांनी राज्य हादरले नाही. काही काळाने एका जागेसाठी अनेक उमेदवार संस्थेकडे पाठवावेत आणि अंतिम निवड संस्थेने मुलाखतीतून करावी, अशी वाट काढण्यात आली. गुण शासनाचे, मुलाखत संस्थेची. केरळात ज्यासाठी सरकार गेले, ती तडजोड आपल्याकडे एका शासन निर्णयाच्या परिच्छेदात बसली. याला समंजसपणा म्हणावे की टाळाटाळ, हे वाचकाने ठरवावे.

४

महाराष्ट्र विधानसभेत बहुमताला १४५ जागा लागतात. १९८५ मध्ये काँग्रेसने १६१ जागा जिंकल्या. त्यानंतर आजवर कोणत्याही एका पक्षाने स्वबळावर १४५ चा आकडा गाठलेला नाही. १९९० ची काँग्रेस १४१ वर थांबली, २०२४ चा भाजप १३२ वर. म्हणजे गेली पस्तीसहून अधिक वर्षे राज्याचा कारभार उघड वा छुप्या जुळवाजुळवीनेच चालला आहे. 'कायम' या शब्दाचा दुसरा अर्थ या काळातला.

त्यापूर्वीची पद्धत अशी होती, की नवी शाळा प्रथम विनाअनुदान तत्त्वावर सुरू होई आणि काही वर्षे नीट चालल्यावर टप्प्याटप्प्याने अनुदानावर येई. विनाअनुदान ही एक अवस्था होती, उमेदवारीसारखी. नोव्हेंबर २००१ मध्ये शासनाने ठरवले, की यापुढे नव्या शाळांना मान्यता मिळेल ती 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर. अवस्थेची जात झाली.

त्या वेळी विलासराव देशमुखांच्या नेतृत्वाखाली काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांची आघाडी सत्तेवर होती. शालेय शिक्षण खाते काँग्रेसच्या प्रा. रामकृष्ण मोरे यांच्याकडे होते. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय आणणारे तेच मंत्री. अर्थखाते राष्ट्रवादीच्या जयंत पाटील यांच्याकडे होते. पाचव्या वेतन आयोगानंतर वेतनाचा बोजा वाढला होता आणि तिजोरी ओढगस्तीची होती. आता ही रचना नीट पाहावी. शाळेला मान्यता देण्याची लेखणी एका पक्षाच्या हाती आणि पैशाची थैली दुसऱ्या पक्षाच्या हाती. नवी शाळा मागणारे कार्यकर्ते मात्र दोन्ही पक्षांचे. मान्यता नाकारावी तर दोन्ही पक्षांतले संस्थाचालक दुखावतात. अनुदान द्यावे तर थैली फाटते. या पेचातून सुटण्याचा मार्ग एका शब्दात सापडला. मान्यता द्यायची आणि पैसा द्यायचा नाही, ही दोन्ही कामे 'कायम' हा एक शब्द करतो. दोन पक्षांमधील तहाचे कलम म्हणून तो वाचला तर त्याची नेमकी जागा कळते. हे माझे वाचन आहे. परंतु तहाची किंमत तहाला न बसलेल्या माणसाने दिली, हे वाचन नव्हे, घडलेली गोष्ट आहे. ज्यांना या शाळांत नेमले गेले, त्यांनी वर्षानुवर्षे नाममात्र मोबदल्यावर वा त्याशिवाय शिकवले. कोणी सकाळी शाळा आणि संध्याकाळी शिकवणी केली, कोणी आंब्याच्या हंगामात बागेत राबले.

हा शब्द काढला गेला तो २० जुलै २००९ च्या शासन निर्णयाने. इंग्रजी माध्यमाच्या शाळा वगळून इतर शाळांच्या मान्यतेतील 'कायम' हा शब्द वगळण्यात आला. विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी ऑक्टोबरात झाली. शब्द गेला, पण पैसा लगेच आला नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये मूल्यांकनाचे निकष ठरले. सप्टेंबर २०१६ मध्ये, दुसऱ्या आघाडीच्या राज्यात, पात्र शाळांना वीस टक्के अनुदान मिळाले. पुढचा वीस टक्क्यांचा टप्पा आला १३ सप्टेंबर २०१९ रोजी. त्यानंतर आठ दिवसांनी निवडणुकीची आचारसंहिता लागली. आणखी एका वाढीव टप्प्याचा शासन निर्णय निघाला १४ ऑक्टोबर २०२४ रोजी. दुसऱ्याच दिवशी आचारसंहिता लागली. जुलै २०२५ मध्ये त्याच निर्णयासाठी निधीची तरतूद व्हावी म्हणून शिक्षक भर पावसाळ्यात आझाद मैदानावर बसले होते.

२००९, २०१९, २०२४. सरकारे तीन वेगवेगळ्या जुळणीची, मुहूर्त एकच. या तारखांवर टीकाटिप्पणी करण्याची गरज नाही. त्या शेजारीशेजारी लिहिल्या म्हणजे पुरे.

५

येथे एका भेदाकडे लक्ष वेधायचे आहे, आणि माझ्या दृष्टीने या लेखाचे सार तेच आहे. 'कायम' हा शब्द आला शासन निर्णयाने आणि गेलाही शासन निर्णयाने. या शब्दासाठी विधिमंडळाने अधिनियम केला नाही आणि तो काढण्यासाठी त्यात दुरुस्तीही करावी लागली नाही. अधिनियम करायचा तर विधेयक मांडावे लागते, दोन्ही सभागृहांत चर्चा होते, कोणी काय म्हटले याची नोंद राहते, मतदान होते. शासन निर्णयाला खात्याचा मंत्री, वित्त विभागाची सहमती आणि सचिवाची सही पुरते. ज्या प्रश्नावर आघाडीच्या पोटातच दोन बाजू आहेत, तो प्रश्न सभागृहात नेणे कोणत्याही मुख्यमंत्र्याला परवडत नाही. म्हणून तो शासन निर्णयात मिटवला जातो. जिथे आघाडीतील साऱ्यांचे हित एका दिशेला वाहते, तिथे मात्र अधिनियम सहज होतो.

पुरावा म्हणून दोन कायदे शेजारी ठेवू. शुल्कवाढीविरुद्ध शहरांतील पालकांचा असंतोष वाढल्यावर २०११ मध्ये शैक्षणिक संस्थांच्या शुल्क विनियमनाचा कायदा विधिमंडळाने संमत केला. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने शुल्काला मान्यता द्यावी, समितीतील पालक सोडतीने निवडावेत, ठरलेले शुल्क दोन वर्षे बांधील राहावे, आणि मतभेद झाल्यास विभागीय समितीकडे जावे, अशी त्याची रचना. शीर्षकात २०११, क्रमांक २०१४ चा सातवा, आणि अंमल १ डिसेंबर २०१४ पासून. कायदा संमत करणारी आघाडी तोवर पायउतार झाली होती. नियम आले २०१६ मध्ये. पुढील दुरुस्तीने विभागीय समितीकडे तक्रार नेण्यासाठी किमान पंचवीस टक्के पालक एकत्र हवेत, अशी अट आली. एकटा पालक कायद्याच्या शीर्षकात राहिला, दारात मात्र अडला.

दुसरा कायदा स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या स्थापनेचा. तो २०१२ मध्ये झाला आणि २०१३ चा पहिला अधिनियम म्हणून लगेच नोंदला गेला. त्यात शासनाने कोणाला काही द्यायचे नव्हते, आणि संस्था काढू इच्छिणाऱ्याला मार्ग मोकळा होत होता. डिसेंबर २०१७ मध्ये, सरकार बदलल्यावर, दुरुस्ती होऊन कंपनी कायद्याखालील ना-नफा कंपन्यांनाही शाळा काढण्याची मुभा मिळाली. एका आघाडीने पाया घातला, दुसरीने मजला चढवला. दोघींचे भांडण या घरावरून नव्हते.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. केंद्राच्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या आहेत. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी तीन पक्षांच्या सरकारने अधिसूचनेद्वारे नियम बदलले. शासकीय वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खाजगी विनाअनुदानित शाळांना या बंधनातून सूट मिळाली. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. मूळ कायदा संसदेने केलेला. त्याची धार बोथट करण्याचा प्रयत्न अधिसूचनेने, सभागृहाबाहेर. ज्या मुलांच्या जागा जाणार होत्या त्यांचे पालक कोणत्याही आघाडीचे घटक नव्हते. न्यायालयात गेल्यावरच त्यांना आवाज मिळाला.

आता या साऱ्याचा मराठीशी संबंध जोडावा. स्वयंअर्थसहाय्यित शाळा प्रत्यक्षात बहुधा इंग्रजी माध्यमाच्या असतात, आणि त्यांचा पाया अधिनियम आहे. अनुदानाच्या टप्प्यांवर लटकलेल्या शाळा प्रामुख्याने मराठी माध्यमाच्या आहेत, आणि त्यांचा पाया शासन निर्णय आहे. एक शाळा कायद्याच्या जांभ्यावर उभी, दुसरी दर निवडणुकीपूर्वी बदलणाऱ्या कागदावर. मराठी शाळा का ओस पडतात याची चर्चा आपण पालकांच्या मानसिकतेपाशी थांबवतो. तिच्या पायाखाली काय आहे हे फारसे पाहत नाही.

६

रत्नागिरीहून दक्षिणेला निघालेली गाडी सिंधुदुर्ग ओलांडून गोव्यात शिरते. तिथे हाच खेळ भाषेच्या अटीवर उघडपणे खेळला गेला, म्हणून त्याचीही नोंद घेतली पाहिजे. १९८९ च्या निवडणुकीत चाळीसपैकी काँग्रेसला २० आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १८ जागा मिळाल्या. मार्च १९९० मध्ये काँग्रेस फुटली आणि फुटलेला गट मगोच्या साहाय्याने सत्तेवर आला. त्या आघाडीत शिक्षणखाते मगोच्या शशिकला काकोडकर यांच्याकडे आले. प्राथमिक शाळांना अनुदान मिळेल ते मराठी वा कोकणी माध्यम असेल तरच, असा निर्णय झाला. ते सरकार वर्षभरही टिकले नाही, पण निर्णय टिकला. चर्चच्या बहुतेक प्राथमिक शाळा इंग्रजीतून कोकणी माध्यमात आल्या. अल्पायुषी आघाडीने दीर्घायुषी धोरण जन्माला घातल्याचे हे विरळा उदाहरण.

एकवीस वर्षांनी, २०११ मध्ये, दिगंबर कामत यांच्या काँग्रेसप्रणीत आघाडीने इंग्रजी माध्यमाच्या शाळांना अनुदानाचे दार उघडले. भारतीय भाषा सुरक्षा मंचाने आंदोलन केले. २०१२ मध्ये मगोशी युती करून सत्तेवर आलेल्या मनोहर पर्रीकरांनी अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालू ठेवले. २०१६ मध्ये सुभाष वेलिंगकरांना संघाच्या जबाबदारीतून दूर व्हावे लागले. २०१७ ची निवडणूक मगो, गोवा सुरक्षा मंच आणि शिवसेना यांनी एकत्र लढवली, आणि निकालानंतर मगो पुन्हा पर्रीकरांच्या सरकारात सामील झाला. अनुदानाचा प्रश्न होता तिथेच राहिला. १९९० मध्ये भाषेचा आग्रह धरणारा पक्ष २०१७ मध्ये त्या आग्रहाविना सत्तेत बसू शकला. आघाडीत घटकपक्ष आपल्या मागण्यांतली कोणती सोडतो, यावरून ती मागणी त्याला किती प्राणप्रिय होती हे कळते.

७

या इतिहासात खलनायक शोधण्याचा मोह टाळला पाहिजे. विशेषतः कोकणात बसून लिहिताना. पश्चिम महाराष्ट्रातील शिक्षणसम्राट ही प्रतिमा इथल्या बहुतेक संस्थाचालकांना लागू पडत नाही. इथली अनेक हायस्कुले मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळांनी, गिरणीतल्या पगारातून वर्गणी काढून उभी केली. मुलाला सातवीनंतर डोंगर उतरून जावे लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. निवृत्त शिक्षक, एखादा डॉक्टर, देवस्थानचे मानकरी अशी मंडळी आजही त्या संस्था चालवतात आणि छप्पर गळले की वर्गणीचे पुस्तक घेऊन दारोदार फिरतात. कायदा मात्र या माणसाला आणि शंभर शाखांच्या सम्राटाला एकाच शब्दाने ओळखतो. तो शब्द 'व्यवस्थापन'. आघाडीत सम्राटाला जागा आहे, वर्गणी गोळा करणाऱ्याला नाही.

शिक्षकाला मात्र घटनेने एक जागा दिली आहे. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी सात सदस्य शिक्षक मतदारसंघांतून निवडले जातात. कोकण विभागाचा मतदारसंघ पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेला आहे. २०१७ मध्ये तिथून शेतकरी कामगार पक्षाचे बाळाराम पाटील निवडून आले, २०२३ मध्ये भाजपच्या पाठिंब्याने ज्ञानेश्वर म्हात्रे. दोन्ही वेळा मोठे पक्ष आपापल्या आघाडीचे गणित घेऊन उतरले होते. या मतदारसंघात मत देता येते ते माध्यमिक व त्यावरील शिक्षकांना. प्राथमिक शिक्षकाला तिथे मत नाही. पालकाला नाही. विद्यार्थ्याला तर प्रश्नच नाही. १९७७ च्या कायद्यापासून आजवर ज्यांना काही मिळाले, ते कोणत्या तरी आघाडीला हवे असलेल्या मतांच्या प्रमाणात मिळाले. एकत्र संघटित असलेल्या शिक्षकाला सर्वांत आधी, शहरी पालकाला त्यानंतर आणि अर्धेच, खेड्यातल्या मुलाला सर्वांत शेवटी.

साहित्याच्या अध्यापकाने यात काय करावे? निदान वाचावे. मराठी शासन निर्णयात सुरुवातीला आधीच्या निर्णयांची यादी असते, आणि त्या यादीवर कित्येकदा एकच आज्ञार्थी शब्द असतो : 'वाचा'. ती आज्ञा आपण मनावर घेत नाही. पुढे 'प्रस्तावना' येते, आणि मग मूळ निर्णय, बहुधा कर्मणि प्रयोगात. शब्द 'वगळण्यात येत आहे', अनुदान 'मंजूर करण्यात येत आहे'. कोण वगळतो, कोण मंजूर करतो, हे वाक्य सांगत नाही. शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार आणि नावाने एका अधिकाऱ्याची सही. आघाडीतील कोणाच्या आग्रहाने काय झाले, हे लपवायला याहून सोयीचे व्याकरण नाही. प्रयोग शिकवताना आपण रामाने आंबा खाल्ला हे वाक्य किती वर्षे वापरणार? एखादा शासन निर्णय वर्गात नेऊन त्यातला कर्ता शोधायला सांगितले, तर व्याकरणही कळेल आणि राज्यही.

त्या विद्यार्थिनीचे एम.ए. पूर्ण झाले. तिच्या शाळेच्या मान्यतेतून 'कायम' गेला आणि शाळा 'अंशतः अनुदानित' झाली. मध्यंतरी बाजारात भेटली तेव्हा मी विचारले, आता तरी कायम झालात ना? ती म्हणाली, "सर, सध्या अंशतः आहोत." या वेळी मात्र ती हसली.